पुंगारोआची तुटलेली तार

१

विमानातली पोलादी तार कधीही खोटं बोलत नाही, असं आमच्या धंद्यात फार गंभीर चेहऱ्यानं सांगितलं जातं. सांगणारा माणूस सहसा विमा विकत असतो. मी विमा विकत नाही. विकलेल्या विम्याचे पैसे शक्यतो द्यावे लागू नयेत, यासाठी कंपनीनं ठेवलेला माणूस मी. माझ्या अनुभवात तारा खोटं बोलत नाहीत हे खरं, पण त्या खरंही बोलत नाहीत. त्या नुसत्या तुटतात, आणि मग मला वेलिंग्टनहून गाडी हाकत डोंगरात जावं लागतं.

पुंगारोआच्या खोऱ्यातली तार सोमवारी सकाळी तुटली. तिथले डोंगर इतके उभे आहेत की खत टाकायला ट्रॅक्टर चढत नाही; मेंढ्या चढतात, पण त्या खत आपल्या सोयीनं टाकतात. म्हणून विमानानं खत टाकायचं. कोलम शॉ हा वैमानिक डोंगरमाथ्यावरच्या गवताळ धावपट्टीवर तयार होता. पाठीमागच्या टाकीत सुपर फॉस्फेट भरलेलं. निघण्याआधी त्यानं विमान वर-खाली करायचा दांडा रोजच्यासारखा पुढे ढकलला, मग पोटाशी येईपर्यंत मागे ओढला. पोटाशी आलेला दांडा तिथेच मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लुळा पडला. दांड्याला जोडलेली, शेपटीची फळी वर उचलणारी तार तुटली होती. कोलम दचकला, त्याचा पाय ब्रेकवरून सुटला, विमान उतारावरून घरंगळत खत भरायच्या ट्रकवर गेलं आणि डावा पंख दुमडला.

"थोड्या वेळानं तुटली असती," कोलम मला म्हणाला, "तर आज तुला माझ्या बायकोची मुलाखत घ्यावी लागली असती. वाचलास तू."

विमानाचा मालक मर्व्ह टलक. त्यानं आमच्या ऑफिसला फोन करून एकच वाक्य सांगितलं होतं.

"तार तुटली नाही. कापलीय."

२

हे वाक्य मर्व्हनं आमची पॉलिसी वाचून तयार केलं होतं. कोणी दुष्टाव्यानं नुकसान केलं तर कंपनी भरपाई देते. झीज आणि गंज यांची देत नाही. शिवाय झीज किंवा गंज निघाला तर गोष्ट आणखी एका माणसावर जाणार होती. डेस पॅटन, मर्व्हचा इंजिनिअर. गेल्याच आठवड्यात त्यानं त्या विमानाच्या सगळ्या तारा तपासून 'उड्डाणास योग्य' म्हणून सही केली होती. गंजलेल्या तारेवर सही करणाऱ्याचं लायसन्स विमान खातं काढून घेतं, आणि पन्नाशी उलटलेल्या, लायसन्स गेलेल्या विमान इंजिनिअरला कोणी गवत कापायच्या यंत्राजवळही उभं करत नाही.

हँगरमध्ये मोडकं विमान आणून ठेवलं होतं. शेजारी त्याचं जुळं भावंड उभं होतं, तेच मॉडेल, तितकंच म्हातारं. हवा कोरडी राहिली तर कोलम उद्या सकाळी ते घेऊन जाणार होता. मी सहज त्या दुसऱ्या विमानात डोकावलो. दांडा पूर्ण मागे ओढून सीटच्या पट्ट्यानं करकचून बांधलेला होता. जरा बाजूला करून आत बघावं म्हणून मी पट्ट्याला हात घातला.

"ए साहेब, हात काढ," मागून आवाज आला. "सोडलास तर एक क्रेट बिअर पडेल."

हेमी पाएवाई. टाकीत खत भरणारा ट्रक तो चालवायचा. धिप्पाड, दाढीत खताची पांढरी पूड.

"कोणाला पडेल?"

"तुला. इथला कायदा आहे. जमिनीवर विमान, तर दांडा बांधलेला. एकदा वाऱ्यानं मोकळी फळी आपटून आपटून बिजागऱ्या तोडल्या. तेव्हापासून मर्व्हनं ठरवलंय, ज्याच्या हातून दांडा सुटा सापडेल त्यानं सगळ्यांना पाजायची. माझ्या दोन झाल्या. कोलमच्या तर मोजायच्या सोडल्यात."

"आणि डेसच्या?"

"डेस? एकही नाही. तो माणूस बायकोकडे बघायच्या आधी दांडा बांधलाय का बघतो. हँगरमध्ये आणलं तरी बांधलेलाच."

मी हात काढला. आमची कंपनी बिअरचा खर्च देत नाही.

मर्व्ह ऑफिसातून आला. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते माझ्यासमोर टेबलावर उघडलं. तारा कापायची पक्कड होती, मुठीवर लाल पट्टी.

"धावपट्टीवर सापडली," मर्व्ह म्हणाला. "पट्टी कोणाची ते हेमीलाच विचार."

३

हेमीला विचारायला फार कष्ट पडले नाहीत. तो ट्रकच्या पायरीवर बसून मांस भरलेलं पॅटिस खात होता.

"माझी आहे," तो म्हणाला. "फाटकाची तार तुटली की मीच बांधतो. मेंढ्या धावपट्टीवर आल्या की कोलम शिव्या घालतो, मेंढ्यांना नाही, मला."

"मर्व्हनं तुला कामावरून काढलंय म्हणे."

"महिनाअखेर. काम कमी झालंय, ट्रक तो स्वतः चालवणार. मग?"

"मग राग आला असेल."

हेमीनं पॅटिस संपवलं, बोटं पँटला पुसली. "राग आला. मी त्याला तोंडावर दोन शब्द सुनावले. तार कशाला कापू? आत कोलम बसणार होता. कोलमकडे माझं काय वाकडं आहे? तो तर माझ्या बिअरचा अर्धा वाटेकरी."

कोलमनं हेमीची बाजू घेतली, पण वैमानिकाच्या पद्धतीनं, म्हणजे दुसऱ्या कोणावर तरी घसरून. "हेमीनं कापली नाही. डेसनं बघितली नाही. मी त्याला महिन्यापूर्वी म्हटलं होतं, दांडा जड लागतोय. म्हणाला, तुझा हात म्हातारा झालाय. बघ आता कोणाचं काय म्हातारं झालंय."

"तुम्ही दोघं बोलता का एकमेकांशी?"

"बोलतो की. हे आत्ता सांगितलं तेच बोलतो."

मर्व्हनं मला चहाबरोबर आल्याची बिस्किटं दिली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, लिंडसे. तुला लिंडसे म्हणू ना? ही गोष्ट अवघड करण्यात कोणाचा फायदा आहे? कापली म्हटलं तर तुमची कंपनी पैसे देते, माझा पंख दुरुस्त होतो, डेसचं लायसन्स वाचतं. हेमी तसाही जाणारच आहे."

"जेलमध्ये जाणार नव्हता."

"पोलीस काय जेलमध्ये घालतात? मोडक्या पंखासाठी?"

मी बिस्किट खाल्लं. या नोकरीत असे सल्ले इतक्या वेळा मिळतात की आता मला ते बिस्किटासारखेच लागतात, जरा मऊ पडलेले.

मग मी तुटलेली तार बघायला मागितली. पक्कडीनं कापलेल्या तारेचं टोक दोन्ही बाजूंनी चेपलेलं असतं. हिची टोकं चेपलेली नव्हती. मधले कितीतरी तंतू तपकिरी, कुजल्यासारखे. थोडे तेवढे चकचकीत, शेवटी ताणून तुटलेले. पण गंज फक्त हाताच्या रुंदीएवढ्या तुकड्यात. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तार नव्यासारखी, तेलाचा हलका हात फिरलेली.

गंजाला एवढी शिस्त मी आधी कधी पाहिली नव्हती.

मर्व्ह वाकून बघत होता. "गंज असेल थोडा," तो म्हणाला. "पण सुरुवात पक्कडीनं केली, बाकीचं आपोआप तुटलं. असं होऊ शकतं ना?"

"डेस सांगेल," मी म्हणालो.

मर्व्हचा चेहरा उजळला. डेस काय सांगेल याची त्याला खात्री होती, कारण डेसच्या जागी आपण काय सांगितलं असतं हे त्याला ठाऊक होतं.

४

डेस घरी होता. त्याची बायको नोलीन दारातच भेटली. तिनं मला आत घेतलं, पण पायपुसण्याकडे बघत.

"तुम्ही मर्व्हकडचे की विमान खात्याचे?"

"विम्याचा."

"म्हणजे तिसरेच." तिनं मटणाच्या सँडविचची बशी टेबलावर जरा जोरानं ठेवली. "लायसन्स गेलं तर या वयात त्याला कोण घेणार हो? हाताचं काम दुसरं येत नाही. बोलायचं काम तर मुळीच येत नाही."

डेस स्वयंपाकघरात बसला होता. बारीक, केस कातरलेले, नखं इंजिनिअरची वाटू नयेत इतकी स्वच्छ. मी त्याच्यासमोर पक्कड ठेवली आणि मर्व्हचं म्हणणं सांगितलं. बाहेर पडायचं दार उघडं होतं. नुसतं 'हो, असं होऊ शकतं' म्हणायचं, आणि लायसन्स शाबूत.

त्यानं पक्कड उलटीपालटी केली.

"तार कुठे तुटली?"

"टाकीच्या खालच्या कप्पीवर."

"मग ही पक्कड तिथे जात नाही." त्यानं ती परत माझ्याकडे सरकवली. "तिथे पोचायला विमानाच्या पोटावरचे दोन पत्रे काढावे लागतात. पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूवर मी लाल रंगाचा ठिपका देतो. स्क्रू फिरला की ठिपका तडकतो. मी सकाळी बघितलेत. एकही तडकलेला नाही."

"म्हणजे तू तपासल्यानंतर आत कोणी गेलं नाही."

"कोणी नाही."

"डेस," नोलीन म्हणाली.

"काय डेस? खोटं सांगू? हेमीची तीन पोरं आहेत."

"आपल्याला काय कमी आहेत?"

"आपली मोठी झालीत." तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता, रविवारी सकाळी कोणी कामाला बोलावल्यावर असतो तसा. "गंज काही एका आठवड्यात एवढा चढत नाही. मी तपासली तेव्हा तो होता. आणि मी सही केली. लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही. माझी कंपनी या वाक्यासाठी मला पगार देत होती, आणि ते वाक्य टेबलावर मटणाच्या सँडविचशेजारी फुकट पडलं होतं.

"तू तपासतोस कसा?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"करून दाखव. दुसऱ्या विमानावर. उद्या कोलम त्यातच बसणार आहे."

डेस उठला. नोलीननं त्याच्या हातात जाकीट दिलं आणि माझ्या हातात काहीच दिलं नाही.

५

माझ्या मनात एक साधी शंका होती. डेस आळशी झाला असेल. इतकी वर्षं तेच ते काम, पत्रे काढायचे, पाठीवर सरपटायचं, तारेला फडकं लावायचं. माणूस एखाद्या दिवशी पत्रे न काढताच सही करतो. मी स्वतः माझ्या काही अहवालांच्या बाबतीत याहून फार वेगळा नाही.

शंका थोडाच वेळ टिकली. डेसनं पत्रे काढले, विमानाच्या पोटाखाली उताणा झोपला आणि जुन्या सुती बनियनचं फडकं तारेभोवती धरून हळूहळू ओढत नेऊ लागला. मी बॅटरी धरून बाजूला पडलो होतो. शेपटीकडच्या एका टप्प्यावर फडकं अडलं. त्यानं ते उचललं. कापसाचा एक धागा तारेला लटकत होता. एकच तंतू तुटलेला, केसाएवढा, मला बॅटरीतही दिसला नव्हता.

"हा चालतो," तो म्हणाला. "एखादा चालतो. जास्त झाले की तार बदलायची. मग तार अशी वाकवून बघायची, पीळ उघडतात, आतला गंज दिसतो."

वाकवून दाखवली. आत स्वच्छ होती. हेमी आणि कोलम चहाचे मग घेऊन येऊन उभे राहिले होते. मर्व्ह जरा मागे.

"बघितलंस?" हेमी कोलमला म्हणाला. "आणि तू म्हणतोस बघितली नाही."

"मग ती तुटली कशानं? माझ्या तोंडामुळे?"

"तुझ्या तोंडानं पोलाद कुजेल, मला शंका नाही."

डेसचं फडकं टाकीच्या खाली आलं. तिथे तार एका कप्पीवरून वळत होती. फडकं कप्पीच्या कडेला थांबलं, त्यानं ते काढलं, कप्पीच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा तारेभोवती धरलं आणि पुढे गेला. कप्पीच्या खाचेत पांढरट चिखल साचलेला होता. टाकीतून झिरपणारी खताची पूड आणि दव.

"तिथे थांब," मी म्हणालो. "कप्पीवर बसलेली तार तू बघितली नाहीस."

"ती कशी बघणार? कप्पीवर बसलीय ना. झिजते ती तार उडताना कप्पीवर घासणारी, दांडा मधोमध असताना. ती आत्ता बाहेर सरकलेली आहे, ही बघ. ही चकचकीत आहे."

"आत्ता बाहेर सरकलेली आहे, कारण दांडा मागे बांधलाय."

"हो. जमिनीवर बांधलेलाच असतो."

"नेहमी?"

"मी आल्यापासून."

"रात्रीसुद्धा?"

"रात्री तर असतोच. वारा रात्री..." तो बोलता बोलता थांबला.

मी पोटाखालून बाहेर आलो. गुडघे वाजले. पुढचं सगळं मी चहाच्या मगांसमोर, फार हळू बोलत सांगितलं. डेसला आधी कळावं आणि इतरांना नंतर, असं मला वाटत होतं.

उडताना घासतो तो तारेचा तुकडा एक. रात्रभर ओल्या खतात बसतो तो तुकडा दुसरा. दांडा मागे बांधला की हाताच्या रुंदीएवढा हा दुसरा तुकडा कप्पीच्या खाचेत जाऊन बसतो. दररोज संध्याकाळी तोच तुकडा. त्या खाचेत सुपरचा आंबट चिखल. बाकी तार वाऱ्यात सुकते, हा तुकडा सुकत नाही. आणि तपासणीच्या वेळी दांडा बांधलेलाच, त्यामुळे नेमका तोच तुकडा कप्पीखाली लपलेला. डेस पत्रे बंद करतो, मगच दांडा सोडून शेपटी हलते का बघतो. तेव्हा तो तुकडा बाहेर येतो, पण बघायला आत कोणी नसतं. सोमवारी कोलमनं दांडा पूर्ण मागे ओढला, कुजका तुकडा पुन्हा कप्पीवर चढून वाकला, आणि गेला.

मर्व्हनं घसा साफ केला.

"हे झालं तुझं म्हणणं."

"या विमानाचा दांडाही तितकाच बांधलेला असतो," मी म्हणालो. मी दार उघडलं, आत हात घातला, पट्टा सोडला आणि दांडा पुढे ढकलला.

पोटाखालून डेसनं बॅटरी मागितली. हेमीनं दिली. मग बराच वेळ फक्त फडक्याचा आवाज. फडकं घसरत होतं, घसरत होतं, आणि मग एकदम चर्र झालं.

डेस बाहेर आला. फडकं हातात नव्हतं. ते आत तारेलाच अडकून राहिलं होतं, मधोमध फाटलेलं.

कोलमनं चहाचा मग खाली ठेवला. तो पंखाच्या कडेला टेकला. उद्या सकाळी हवा कोरडी राहणार होती.

"डेस," तो शेवटी म्हणाला, "दांडा जड लागतोय म्हटलं होतं तुला."

"म्हटलं होतंस."

"हात म्हातारा झालाय म्हणालास."

"हात नाही झाला," डेस म्हणाला. "माझं चुकलं."

बहुधा त्या दोघांमधलं बऱ्याच दिवसांतलं पहिलं नवीन बोलणं हेच होतं.

हेमी माझ्याकडे वळला. "दांडा तू सोडलास, साहेब. सगळ्यांसमोर."

मी क्रेट आणून दिली. ऑफिसनं तो खर्च अर्थातच नामंजूर केला.

६

भरपाई मिळाली नाही. गंज तो गंज. मर्व्हनं माझ्या वरिष्ठांना पत्र लिहून मला कोत्या मनाचा म्हटलं. वरिष्ठांनी ती शिफारस समजून फाइलला लावली.

विमान खात्यात डेसची सुनावणी झाली. तीन माणसं, एक पाण्याचा जग आणि खिडकीबाहेर पाऊस. खात्याचा वकील एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता: वर्षानुवर्षं तपासताना दांडा सोडून बघावा, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

"नाही," डेस म्हणाला. "बांधलेला असला की मला बरं वाटायचं."

मला साक्षीला बोलावलं होतं. मी सांगितलं की या माणसाला 'कापली' म्हणायची संधी दिली होती, आणि आपल्याच रंगाचे ठिपके मोजून त्यानं ती नाकारली. हे ऐकून अध्यक्ष पाणी प्यायले. नोलीन मागच्या बाकावर कोट न काढता बसली होती. निकाल वाचला गेला तेव्हा तिनं कोटाचं वरचं बटण तेवढं सोडलं.

लायसन्स राहिलं. अट एवढीच की त्यानं परीक्षा पुन्हा द्यावी. त्यानं दिली, आणि पास झाला. सगळ्या खतवाल्या कंपन्यांना खात्यानं एक सूचना पाठवली: तारा तपासताना दांडा दोन्ही टोकांपर्यंत हलवावा. विमान बनवणाऱ्यांच्या पुस्तकात ती आधीपासून होती.

मला वाटलं होतं, डेसचा फोन येईल. आला नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्या बाजूला गेलो तेव्हा मीच थांबलो. हँगरमध्ये कोणाची तरी लोकर रचलेली होती. सरकारनं शेतकऱ्यांचं खताचं अनुदान बंद केलं, त्यानंतर खोऱ्यात कोणीच सुपर मागवलं नव्हतं. मर्व्हनं दोन्ही विमानं ऑस्ट्रेलियात विकली होती. डेस शाळेची बस चालवतो. तिला वेगळं लायसन्स लागतं.